बाथरूमचा उतार उलटा झालाय, सगळी फरशी फोडावी लागेल का?

मंडळी, डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करून घेतलं. जुनी फरशी फोडली, वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, सगळं. आता बारा दिवसांनी लक्षात येतंय की पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. काल आईची आंघोळ झाल्यावर पायपुसणं पिळलं तर अर्धा तांब्या पाणी निघालं!

बाथरूम सात बाय चार. लेकाची गोटी ठेवून पाहिली. जाळीपासून तीन फुटांपर्यंत ती जाळीकडे जाते, त्यापुढे ठेवली की थेट उंबऱ्याला धडकते. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून उंची मोजली तर मधे 9 मिमीचा फुगवटा आणि दाराशी फरशी जाळीपेक्षा जेमतेम 4 मिमी वर. शंभराला एक असा उतार धरला तरी सात फुटांना 21 मिमी हवा ना?

मिस्त्री म्हणतो, "वायपर मारायचा, होते सवय." कंत्राटदार म्हणतो, वरून दुसरी टाइल चिकटवून उतार काढून देतो. मग उंबरा उरतोच कुठे? शिवाय दाराजवळच्या तीन टाइल्स नाण्याने वाजवल्या की पोकळ बोलतात. 35 हजार द्यायचे बाकी आहेत, तेवढंच काय ते माझ्या हातात.

फक्त दाराकडची फरशी फोडून भागेल का? आणि फोडताना खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नुकताच घराला रंग दिलाय हो.

प्रतिसाद:
ताई, टाइलवर टाइल अजिबात नको. फुगवटा मधे आहे, म्हणजे जाळीपर्यंतची सगळी फरशी निघणार. भिंतीच्या टाइल्स राहू द्या, तळाची ओळ तेवढी काढा, नाहीतर कोपऱ्यातला वाटा (फरशी-भिंतीच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई) नीट होत नाही. ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीच. कोटिंग फाटलंच असं धरून पुन्हा करा, भिंतीवर फूटभर चढवून. सुकलं की जाळीत बोळा कोंबायचा, दाराशी बांध घालायचा आणि दोन इंच पाणी 48 तास भरून ठेवायचं. काकूंच्या छताचे फोटो आधीच काढून ठेवा. टाइल लावायच्या आधी कोब्यावर (टाइलखालच्या सिमेंटच्या थरावर) बादली ओतून उतार स्वतः बघा. पैसे त्यानंतर.

धन्यवाद दादा. पाणी भरून ठेवणं आमच्याकडे झालंच नव्हतं. सकाळी कोटिंग मारलं, संध्याकाळी टाइल्स लावायला घेतल्या, आणि मी त्यांना चहा देत होते! उद्या कंत्राटदाराला बोलावलंय.