प्रतिसाद: शिपरॉक आणि ६६६ नंबरचा रस्ता

अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीबद्दल, म्हणजे वाळवंटातल्या त्या लाल खडकांच्या सुळक्यांबद्दल, मूळ लेखात आणि इतर प्रतिसादांत बरंच आलंय; त्यात तिथल्याच न्यू मेक्सिको राज्यातल्या शिपरॉकची भर घालतो. सपाट माळावर सुमारे १,५८० फूट उंच उभा असलेला हा सुळका म्हणजे झिजून उघडी पडलेली ज्वालामुखीची नळी. तिच्यापासून लाव्ह्याच्या काळ्या भिंती मैलोन्‌मैल पसरल्यात; मला तर सुळक्यापेक्षा त्याच जास्त आवडतात. नावाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या कथेत इथे माणसं मारणारे राक्षसी पक्षी राहत. जागा पवित्र, त्यामुळे चढाईला बंदी आहे, आणि ती पाळावीच.

जवळून जाणाऱ्या हायवेचा नंबर पूर्वी ६६६ होता, रूट ६६ या प्रसिद्ध अमेरिकन हायवेचा सहावा फाटा म्हणून! पण ख्रिस्ती परंपरेत ६६६ हा सैतानाचा आकडा, म्हणून लोकांनी त्याला सैतानाचा रस्ता ठरवलं, पाट्याही चोरीला जायच्या. शेवटी २००३ मध्ये तो ४९१ झाला.