लिटलफिल्डची देणगी निर्हेतुक नव्हती

बरेच जण म्हणतात की टेक्सासचे पशुपालक जॉर्ज लिटलफिल्डनी गुरांवर कमावलेला पैसा ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीला निव्वळ प्रेमापोटी दिला. प्रेम होतंच, पण असं म्हणताना जॉर्ज ब्रॅकनरिजचा उल्लेख राहून जातो. हा सॅन अँटोनिओचा बँकर, युनिव्हर्सिटीचा दुसरा मोठा दाता, पण अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये (गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेलं यादवी युद्ध) उत्तरेच्या बाजूचा, आणि लिटलफिल्ड दक्षिणेकडून लढून जखमी झालेला, त्यामुळे दोघांचं कधी पटलंच नाही. ब्रॅकनरिजनी 1910 मध्ये नदीकाठची 500 एकर जमीन दिली, पुढे अख्खा कॅम्पस तिकडे हलवायची चर्चा सुरू झाली तेव्हा लिटलफिल्डनी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली ती कॅम्पस जुन्याच जागी राहील या अटीवर, आणि 1920 मध्ये दोघंही काही आठवड्यांच्या अंतरानी गेले!

कॅम्पस अजून तिथेच आहे. लिटलफिल्डनी तिथे बसवायला लावलेल्या दक्षिणेच्या नेत्यांच्या पुतळ्यांपैकी जेफरसन डेव्हिसचा (युद्धकाळातले दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष) 2015 मध्ये आणि बरेचसे 2017 मध्ये हलवले ते योग्यच झालं असं मला ठामपणे वाटतं. पण 1914 चा त्यांचा दक्षिणेच्या इतिहासासाठीचा फंड मात्र मला फार मोलाचा वाटतो, त्यातून जमलेली जुनी कागदपत्रं आज गुलामगिरीवर काम करणारे अभ्यासकही वापरतात.