अनुभव धागा : परदेशातल्या जुन्या शहरातला एक दिवस, आणि सोबतीला कोण होतं?

गेल्या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काल फिजिओथेरपीवाली मुलगी त्यांना बोलतं करत होती, "आजोबा, आयुष्यात सगळ्यात लांब कुठं चालत गेलात?" मला वाटलं जोतिबा म्हणतील, पन्हाळा म्हणतील. बाबा म्हणाले, "फ्लॉरेन्सात. महाराजांपर्यंत." ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली. तेव्हापासून तो दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

२०१७ चा ऑक्टोबर. मी तेव्हा इटलीत नोकरीला होते आणि आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडं आलेले. बाबा एसटीत कंडक्टर होते, बत्तीस वर्षं. आम्ही गेलो नेमके सोमवारी. उफीत्सी हे मोठं चित्रसंग्रहालय बंद, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा ज्या अकादेमियात आहे तेही बंद. मला रडू यायचं बाकी होतं. बाबा म्हणाले, रस्ते तर उघडे आहेत की.

मग रस्तेच बघितले. कॅथेड्रलच्या घुमटाखाली बाबा मान वर करून उभेच राहिले. वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं तो १४२० ते १४३६ मध्ये बांधला, खालून लाकडी आधार न उभारता, विटा तिरक्या गुंफत. हे सांगितल्यावर म्हणाले, "विजापूरला गोलघुमट बघितलाय मी, पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ह्ये?" पोन्ते वेक्क्यो या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं बघून त्यांना आपली कोल्हापूरची गुजरीच आठवली. १५९३ पासून तिथं सोनार आहेत. त्याआधी खाटीक होते, वासामुळं हलवले. बाबांनी प्रत्येक दुकानासमोर थांबून आईला कुठलं आवडलं असतं ते सांगितलं. मी काही बोलले नाही, नुसतं ऐकलं.

ट्रामचं तिकीट प्रवाशानं स्वतःच मशीनमध्ये घालून छापून घ्यायचं, हे त्यांना पटेना. छापलेलं तिकीट उजेडाकडं धरून तारीख नि वेळ वाचली, आणि मगच खिशात. वरच्या खिशात, उभं घडी घालून. ड्युटीवर असताना सुट्टे ठेवायचे त्याच खिशात.

दुपारनंतर कॅशिने बागेत उतरलो. ही बाग आर्नो नदीच्या काठानं जवळजवळ साडेतीन किलोमीटर पसरलीय आणि आपल्या महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, पार दुसऱ्या टोकाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. विशीतलं पोर. परक्या मुलखात दहन कसं करायचं? शेवटी नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि आर्नो नि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत फेट्यातला रंगीत अर्धपुतळा. शेजारचा पूल १९७८ चा, त्याला लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. भारतीयाचा पूल!

कुंपणाबाहेर बाबांनी बूट काढले. मोजेही काढले. गार गवतात अनवाणी उभं राहून मुजरा केला. मग बाकावर बसले ते उठेचनात. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपल्याकडं घाटावर सगळ्यांच्या समाध्या शेजारी शेजारी हाईत. ह्ये पोरगं हितं येकटंच पडलं." आणि पंचगंगेकडं बघावं तसं आर्नोकडं बघत राहिले.

जाताना तेवढंच अंतर परत चालायचं होतं. एकदाही गुडघा दुखतोय म्हणाले नाहीत.

तुम्हीही लिहा. शहर कुठलंही चालेल, पण सोबतीला कोण होतं ते सांगा.

रंकाळाकाठ : अंगावर काटा आला. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत वाढले, आणि हे मला पस्तिशीत कळलं!! बाबांना माझा नमस्कार सांग. गुडघा एक की दोन्ही?

धागाकर्ती : एकच, उजवा. सांगते 🙏

चहाबाज : एक भर घालतो. छत्रीचा आराखडा मेजर मॅंट या इंग्रज वास्तुकाराचा. त्यानंच पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला, तो १८८४ मध्ये पुरा झाला. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. म्हणजे बाबांना ती छत्री ओळखीची वाटली असेल तर नवल नाही.

सुगरणबाई : कुकर लावलाय तोवर लिहिते. रोम, सासूबाई आणि मी. नवरा ऐनवेळी ऑफिसमुळं आला नाही, म्हणून आम्ही दोघीच. लग्नाला चार वर्षं झालेली पण दोघींनी एकत्र दिवस काढलाय असं कधी झालंच नव्हतं. सकाळी दोघी अगदी जपून बोलत होतो. पँथिऑन या प्राचीन मंदिरात शिरलो नि पाऊस आला. त्या घुमटाला वर मधोमध मोठं गोल भोक आहे, उघडंच, पाऊस सरळ आत. फरशीला बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. सगळे बाजूला सरकले. सासूबाई मात्र पुढं गेल्या आणि तळहात पुढं करून उभ्या. मला म्हणाल्या, "ये गं, अभिषेक चाललाय." मी गेले. दोघी भिजलो. त्या दिवसापासून मी त्यांना अहो आई न म्हणता आई म्हणायला लागले, कधी सुरू झालं ते कळलंही नाही. झाल्या तीन शिट्ट्या, पळते

रंकाळाकाठ : @सुगरणबाई किती गोड गं! आणि रोममधले ते रस्त्यावरचे नळ, सतत वाहणारे, बाटली भरून घ्यायची. माझ्या मुलाला तेच सगळ्यात आवडलेलं.

सुगरणबाई : होऽ! तोटीला वर बारीक भोक असतं. खालून बोटानं दाबलं की पाणी वर उडतं नि वाकून पिता येतं. सासूबाईंनी तीन जपानी मुलींना शिकवलं, मराठीत 😄

गुडघेदुखी_६२ : ताई, बाबांना सांगा व्यायाम चुकवू नका. माझं दोन वर्षांपूर्वी झालं. पहिले पंधरा दिवस फार दुखतं, रात्री जास्त. बर्फाने शेकायचं आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच वाकवायचं. मी आता मंडईत चालत जातो. परदेश नाही बघितला, पण वाचून बरं वाटलं.

धागाकर्ती : काका, खूप धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं. तुमची मंडई ऐकून ते गाल फुगवून म्हणाले, मग मी रंकाळ्याला फेरी मारणार.

मडगावचो_नुस्तेंप्रेमी : लिस्बन. सोबत माझी आत्या, वय तेव्हा ७१. गोवा मुक्त झाला १९६१ ला तेव्हा ती शाळेत, मराठी घरात वाढलेली पण पोर्तुगीज चार शब्द कानावर पडलेले. दुकानांच्या पाट्या वाचत सुटली. पाऊं म्हणजे पाव, शाव म्हणजे चावी, मेझा म्हणजे मेज, सबाऊं म्हणजे साबण. "अरे, हे आपलेच शब्द घेऊन बसलेत!" मी म्हटलं, आत्या, उलट आहे. तिला ते पसंत पडलं नाही.

जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे, दगडात कोरलेला माणूस हात जोडून झोपलेला. आमच्या गावाजवळच्या शहराला त्याचंच नाव. आत्या खूप वेळ गप्प. मग म्हणाली, माझ्या आजोबांनी ह्या लोकांच्या राज्यात घरात लपून गणपती बसवला होता आणि आज मी इथं तिकीट काढून आलेय. राग नव्हता आवाजात. कबरीवरच्या धुळीवर बोट फिरवायला गेली, तर पहारेकऱ्याने हटकलं. संध्याकाळी पाश्तेल द नाता, तिथले कस्टर्डचे छोटे टार्ट, खाल्ले चार. म्हणाली, आपल्या गोव्याच्या बेबिंक्याची सर नाही. चौथा मात्र तिनेच संपवला.

चहाबाज : पुन्हा पुन्हा वाचलं, @मडगावचो. आत्या आहेत का?

मडगावचो_नुस्तेंप्रेमी : आहे की. ८० झाली. पाय थकलेत, जीभ नाही.

अबोली_पुणे : मी प्राहाला (प्राग) मैत्रिणीबरोबर. आम्ही दोघी हसायलाच गेलो होतो, ३० वर्षांची दोस्ती, मुलांना घरी ठेवून. पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात, शिरलो. भिंतीवर हाताने लिहिलेली नावं, सगळ्या खोल्यांत, वरपासून खालपर्यंत. बोहेमिया-मोराविया या चेक प्रांतांतले जवळजवळ ७८ हजार ज्यू, नाझींनी मारलेले. आडनाव एकदा लाल अक्षरात, खाली घरातल्या माणसांची नावं नि जन्मतारखा. मैत्रीण शाळेत शिकवते. ती फक्त तारखा वाचत होती. "ही पाचवीतली. हा दुसरीतला." वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. तिथं मात्र ती आलीच नाही, जिन्यात बसून राहिली, मीही बसले. चार्ल्स पूल वगैरे सगळं केलं नंतर, फोटो आहेत. पण आजही एकमेकींना फोन केला की प्राहा म्हणजे तो जिना.

सुगरणबाई : 😔 अबोली…

नवाप्रवासी : मस्त धागा. एक अवांतर : आईबाबांना पुढच्या मे महिन्यात फ्लॉरेन्सला न्यायचंय, दोघंही शुद्ध शाकाहारी. काय मिळतं?

धागाकर्ती : रिबोलिता म्हणून शिळ्या पावाचं, घेवड्याचं नि पालेभाजीचं दाटसर सूप असतं, बाबांना आवडलं होतं. पण मांसाचा अर्क घातलाय का ते आधी विचारून घ्या. स्क्याचाता म्हणजे मीठ-ऑलिव्ह तेलाची चपटी रोटी, ती कुठंही मिळते. कॉफी काउंटरशी उभ्यानं प्या, बसलं की भाव वाढतो. आणि सोमवारी जाऊ नका!

रंकाळाकाठ : आणि छत्रीला नक्की न्या. मे महिन्यात उन्हाचं सकाळी जा.

गुडघेदुखी_६२ : बाबांचं आज कसं आहे?

धागाकर्ती : आज वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेले नि परत आले. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं विचारलं, किती पावलं झाली आजोबा? म्हणाले, बावीस. मोजली होती. आत्ता झोपलेत. मी त्यांचं ते ट्रामचं तिकीट शोधतेय, पाकिटात होतं असं म्हणतायत.