विषय: हॉलची अनामत – मंडळाचं डेबिट कार्ड देऊ नका

सचिव:
हॉलवाल्यांना शुक्रवारपर्यंत अनामतीसाठी कार्ड हवंय. खजिनदार मंडळाचं डेबिट कार्ड देणार म्हणतात. गेल्या वेळी अनामत खात्यात अडकली आणि साउंडवाल्यांचा चेक वटला नाही. पुन्हा तेच?

खजिनदार:
रक्कम कापली नव्हती, रोखून धरली होती, नंतर सुटली. डेबिटमुळे मंडळावर उधारी चढत नाही. क्रेडिट कार्डावर हॉलवाले जादा आकार घेतात, तो मी हिशेबात कुठे दाखवू?

माजी अध्यक्ष:
रोखून धरली म्हणजे तेवढे दिवस पैसे हाताशी नव्हतेच! क्रेडिटवर कार्डाच्या उधारीच्या मर्यादेतली तेवढी रक्कम अडकते, खात्याला धक्का लागत नाही. पूर्ण बिल मुदतीत भरलं की व्याजही नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. डेबिट कार्डाचा गैरवापर झाला आणि दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर अमेरिकेच्या १९७८ च्या फेडरल कायद्याने जबाबदारी ५० डॉलरपर्यंतच. उशीर झाला तर ५०० पर्यंत, फारच उशीर झाला तर त्याहून जास्तही. पण हा कायदा घरगुती खात्यांपुरता आहे. मंडळाच्या खात्याला तो लागूच नाही, तिथे बँकेच्या करारात असेल तेच. क्रेडिट कार्डाच्या गैरवापरात जबाबदारीची ५० डॉलरची मर्यादा मात्र संस्थेच्या कार्डालाही आहे. दहा किंवा जास्त कार्डं घेतली तर बँक वेगळा करार करू शकते, आपल्याला एकच हवंय. देणगीदारांचे पैसे आहेत, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

एक सभासद:
काकांचं पटलं. माझ्या मुलीच्या डेबिट कार्डावरून कुणीतरी खातं रिकामं केलं. पैसे परत मिळाले, पण तोवर भाडं आम्हीच भरलं. घरगुती क्रेडिट कार्डाच्या बिलातल्या रकमेवर लेखी हरकत घेतली, तर तपास होईपर्यंत तेवढी रक्कम भरावी लागत नाही. हरकत बिल निघाल्यापासून ६० दिवसांत पोचली पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या सभासद:
वहिनी, मुलीला सांगा, एटीएमसाठी डेबिट कार्डच ठेव. क्रेडिट कार्डावर रोख काढली तर बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय शुल्क वेगळं.

खजिनदार:
एटीएमचा विषय इथे नको. संस्थेला क्रेडिट कार्ड देताना बँका बहुधा कुणाची तरी वैयक्तिक हमी मागतात. पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलतात. सही कोण करणार? मी नाही.

माजी अध्यक्ष:
हमीचं कार्यकारिणीत ठरवू. या वेळी अनामतीला माझं क्रेडिट कार्ड देतो.

खजिनदार:
चालेल. पण पावती मंडळाच्या नावाची हवी, आणि हॉलवाल्यांनी किती रक्कम रोखली ते त्याच दिवशी मला लिहून कळवा.