खेड्यातलं स्काउट पथक

भाऊ, स्काउट म्हणजे शहरी शाळांची हौस, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. १९०९ मध्ये ते भारतात आलं तेव्हा इंग्रजांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच होतं, हे खरं. पण ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली (मुलींची गाइड संघटना पुढच्या वर्षी सामील झाली) आणि पुढे ते खेड्यांतही पोचलं.

यवतमाळकडच्या आमच्या शाळेत सहा-आठ पोरांचा एक संघ, असे तीन संघ मिळून पथक. ‘खरी कमाई’ला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या स्काउट उपक्रमाला, आम्ही कापूस वेचायला जायचो. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघायची, पण गळ्यातला स्कार्फ कोणी सोडायचं नाही. त्याच पैशांतून शिबिराचा दोर घेतला, त्यावरच रीफ नॉट (दोराची दोन टोकं जोडायची गाठ) शिकलो. अडतं ते एकाच जागी: स्काउटचं प्रशिक्षण घेतलेले स्काउटमास्तर बदलून गेले की पथक बसतं.