दूध संकलनाच्या वेब अ‍ॅपसाठी व्ह्यू की अल्पाइन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या काही दूध संकलन केंद्रांचं वेब अ‍ॅप नव्याने लिहायला घेतलंय. सर्व्हरवर जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) आहे, ते बदलायचं नाही. अडलंय ते ब्राउझरमधल्या भागाशी: व्ह्यू आणि अल्पाइन या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांपैकी कुठली घ्यावी?

काम असं: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकलं की दरपत्रकावरून दर आणि रक्कम लगेच दिसली पाहिजे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मूळ दर, त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे फरक. म्हशीचं दरपत्रक वेगळं. सकाळी रांग लागलेली असते, त्यामुळे पान अडकून चालत नाही.

सध्याचं अ‍ॅप जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर आहे. फॅट बदलला की ओळीतली रक्कम, सत्राची बेरीज, वरची सरासरी आणि पावती, या चारही जागा वेगवेगळ्या कोडने बदलतात. परवा एका केंद्रावर ४.२ चा ४.० केला, ओळीतली रक्कम बदलली, पावती मात्र जुन्याच आकड्याची छापली गेली. दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी अशाच पावत्यांवरून भांडणं होतात, आणि त्यात शेतकऱ्याचा विश्वास जातो. म्हणून आकडा एकाच जागी असावा आणि बाकी सगळं त्यावरून आपोआप निघावं, ही माझी पहिली गरज.

बाकीचे पर्यायही पाहिले. एचटीएमएक्स ही लायब्ररी मनापासून आवडली, जँगोबरोबर छान जमते. पण त्यात जवळपास प्रत्येक बदलाला सर्व्हरकडून एचटीएमएल यावं लागतं आणि इथे रेंज जाणं रोजचं आहे. त्यामुळे ते ऑफिसातल्या बिलांच्या पानांपुरतं. रिअ‍ॅक्टची माणसं सहज मिळतात, पण त्यातलं जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहिणं) म्हटलं की बिल्ड आलं, म्हणजे ब्राउझरला देण्याआधी कोड साधनांनी रूपांतरित करणं. स्वेल्टलाही बिल्ड लागतंच. सांभाळणारा मी एकटा आहे, म्हणून ते टाळायला बघतोय.

उरले अल्पाइन आणि व्ह्यू. दोन्ही एका स्क्रिप्ट टॅगवर चालतात. अल्पाइन छोट्या गोष्टींना फार सुटसुटीत, पण शंभर-दीडशे नोंदींची यादी, शोध, दुरुस्ती हे सगळं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये कोंबलं की वाचवत नाही. व्ह्यूमधलं कंप्युटेड (मूळ आकडा बदलला की आपोआप नव्याने निघणारी किंमत) म्हणजे नेमकं मला हवं ते. काळजी टिकण्याची आहे. अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ अखेर संपला, व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. केंद्रावर एकदा बसवलेलं अ‍ॅप वर्षानुवर्षं तसंच चालतं, दर दोन वर्षांनी कोण लिहीत बसणार?

ऑफलाइनचा भाग लायब्ररीवर अवलंबून नाही असं माझं मत आहे. पान सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) जपेल, नोंदी इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधला डेटाबेस) राहतील, रेंज आली की सर्व्हरवर जातील. प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) देणार, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर दुसरी घेणार नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकातच ठेवणार. नाहीतर जावास्क्रिप्टचा दशांश आणि जँगोचा डेसिमल (अचूक दशांश प्रकार) एखाद्या पैशाने वेगळा यायचा.

आता विचारायचं ते. व्ह्यू ३ ची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून, बिल्डशिवाय, कुणी रोजच्या कामात चालवलंय का? टेम्प्लेट ब्राउझरमध्येच कंपाइल होतं, तर २ जीबी रॅमच्या जुन्या अँड्रॉइड टॅबवर पान उघडायला त्रास होतो का? इंडेक्स्डडीबीसाठी डेक्सी ही सोपी करणारी लायब्ररी घेतलेली बरी, की थेट लिहावं?

आणि सगळ्यात अवघड: टॅब ऑफलाइन असताना दूध संघाने दर बदलला, आणि सकाळच्या पावत्या जुन्या दराने देऊन झाल्या, तर नोंदी वर गेल्यावर कुठला दर धरायचा? मी प्रत्येक नोंदीबरोबर दरपत्रकाचा क्रमांक साठवून, फरक वेगळ्या ओळीत बिलात दाखवायचा विचार करतोय. डेअरीचं किंवा असंच वजन-दराचं काम केलेल्यांनी हे कसं सोडवलं ते जरूर लिहा.