मनोरुग्णाची संमती: सही पुरेशी मानावी का?

प्रश्न
एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर (संशोधनात सहभागींचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या समितीवर) मी वैद्यकीय क्षेत्राबाहेरील सदस्य म्हणून काम पाहते. स्किझोफ्रेनियावरील औषधाच्या अभ्यासाचा प्रस्ताव आमच्यापुढे आला असून, निर्णयक्षमता तपासल्याची नोंद म्हणून त्यात 'रुग्णास माहिती समजली : होय' एवढी एकच छापील ओळ आहे. माहितीपत्रक मराठीत आहे, सहीला आणि साक्षीदाराला जागा आहे, म्हणून बाकीच्यांना कागदपत्रे बिनचूक वाटतात. मी उगाच खुसपट काढते आहे का?

प्रतिसाद १
ताई, मुळीच नाही. अमेरिकेतील डॅन मार्किंगसन या रुग्णाचे प्रकरण समितीपुढे ठेवावे. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांना तीव्र भ्रमाच्या अवस्थेत मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल केले गेले. उपचारांबाबत निर्णय घेण्याची त्यांची क्षमता नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले. न्यायालयाने त्यांना सक्तीने रुग्णालयात ठेवण्याचा आदेश उपचार योजना पाळण्याच्या अटीवर स्थगित ठेवला. आणि लगोलग, त्याच डॉक्टरांच्या देखरेखीखालील, अ‍ॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीने निधी पुरवलेल्या अभ्यासासाठी त्यांची सही घेण्यात आली. सहीच्या वेळी आई हजर नव्हती, आणि मुलाला अभ्यासातून काढा, असे तिने नंतर वारंवार कळवूनही काही झाले नाही. मे २००४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. संमतीपत्र मात्र रीतसर होते! नकार दिल्यास सक्तीने रुग्णालयात राहावे लागेल, अशी धास्ती असलेल्या माणसाची सही कितपत स्वेच्छेची, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही. अशा स्थगित आदेशाखालील रुग्णांना औषध-चाचण्यांत घेण्यावर मिनेसोटा राज्याने २००९ मध्ये कायद्याने निर्बंध घातले.

प्रतिसाद २
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. निदान झाले म्हणजे निर्णयक्षमता गेली, असे धरणे चूक आहे. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही तसे मानत नाही. मात्र संमती देण्यास असमर्थ, पण विरोध न करणाऱ्या रुग्णावर औषधाचे संशोधन करायचे असल्यास, कलम ९९ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची (रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीची) संमतीही घ्यावी लागते. म्हणूनच क्षमता कशी तपासली, हे नोंदीत दिसायला हवे. अभ्यासाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांनी रुग्णाला विचारावे: हा अभ्यास कशासाठी आहे, मध्येच सोडता येईल का, नाही म्हटले तर नेहमीचे उपचार मिळतील का? उत्तरे रुग्णाच्याच शब्दांत लिहावीत. आजाराची स्थिती बदलली की पुन्हा विचारावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आपली उत्तरे वाचून प्रस्ताव पुन्हा चाळला, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि प्रमुख संशोधक एकच असल्याचे आढळले. पुढच्या बैठकीत प्रथम तेच विचारणार आहे.